ताईचा पासपोर्ट कोणाच्या कपाटात

माझा पहिला पासपोर्ट दहा वर्षं जगला आणि त्या दहा वर्षांत त्याने देशाची हद्द एकदाही पाहिली नाही. मुदत संपली म्हणून नवा काढायला गेलो, तेव्हा खिडकीमागच्या मुलीने पहिलं पान उघडलं, उरलेली पानं अंगठ्याखालून भर्रकन सोडली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात कीव नव्हती. रोज अशी कोरी पुस्तकं बघायची सवय होती. मग तिने त्यावर रद्द झाल्याचा शिक्का मारला. माझ्या पासपोर्टवर उमटलेला तो पहिला आणि शेवटचा शिक्का.

पासपोर्टचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते आमच्या अंधेरीच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने. मी तेव्हा नवा होतो. कोकणातल्या तालुक्याच्या गावी शिकून, घरातला पहिला पदवीधर होऊन मुंबईत आलेलो. ऑफिसात कोणी काहीही सांगितलं तरी मला ते ज्ञान वाटायचं. हा गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी तोंड उघडायचा.

"पासपोर्ट नाही? अरे, पदवीधर ना तू? पासपोर्ट म्हणजे सगळ्या पुराव्यांचा बाप. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा. आणि उद्या ऑफिसने अचानक सिंगापूरला पाठवलं तर? तेव्हा काय रेशनकार्ड दाखवणार?"

ऑफिसने मला आजवर सगळ्यात लांब पाठवलं ते भिवंडीच्या गोदामात. तिथल्या रखवालदाराने गेटपास मागितला, पासपोर्ट नाही. त्या सहकाऱ्यालाही कोणी सिंगापूरला पाठवलं नाही. तो निवृत्त झाला तेव्हा निरोपसमारंभात त्याला ऑफिसने प्रवासी बॅग भेट दिली, आणि कोणी हसलंसुद्धा नाही.

माझ्या पासपोर्टच्या झेरॉक्सा मात्र खूप फिरल्या. बँकेत, गॅस एजन्सीत, सिमकार्डाच्या दुकानात, एकदा महाबळेश्वरच्या हॉटेलात. जग बघण्यासाठी सरकारने दिलेलं पुस्तक मी दहा वर्षं कशाला वापरलं, तर मी मुलुंडला राहतो हे मुलुंडच्याच लोकांना पटवून द्यायला.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पासपोर्ट हा कागद नाही, जात आहे. नवा भाडेकरू आला की कमिटीतले लोक त्याच्या नोकरीची चौकशी करतात, मग गावाची, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारतात, "बाहेर कुठे कुठे झालंय?" बाहेर म्हणजे देशाबाहेर. बोरिवलीला जाऊन आलो म्हटलं तर तो विनोद समजतात. सोसायटीच्या ग्रुपवर लोक पाणी कधी येणार ते विचारतात आणि मधेच विमानतळावरच्या कॉफीच्या कपाचा फोटो टाकतात. फोटोत कपाच्या बाजूला, सहज राहून गेल्यासारखं, ते निळं पुस्तक असतं. सहज राहून जाण्यासाठी ते तीनदा हलवलेलं असणार.

आणि जाऊन आलेल्या बायकांना मी जवळून ऐकलं आहे. फ्रिजवर पाच देशांचे चुंबकाचे तुकडे चिकटवलेत, पण त्या पाच देशांत सहा महिने काय केलं, तर सुनेचं नाहीतर लेकीचं बाळंतपण. डिंकाचे लाडू बॅगेतून नेले, अळीव नेले, बाळंतशेपा नेल्या. तिथे उठून लंगोट धुतले, खिमट शिजवलं, आणि परत येऊन सांगितलं, "काय स्वच्छता हो तिकडे!" आमच्याकडच्या मध्यमवर्गीय बायकांच्या पासपोर्टचा खरा उपयोग हा. कोणी तो फॉर्मवर लिहीत नाही. फॉर्मवर पर्यटन लिहितात.

हे मी एवढ्या तिरस्काराने लिहितो आहे, कारण मीही या मिरवणाऱ्यांतलाच झालो होतो. ज्या वर्षी माझा पहिला पासपोर्ट आला, त्या वर्षी भाऊबीजेला मी तो मुद्दाम ताईकडे घेऊन गेलो होतो.

ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. विक्रोळीच्या चाळीत राहते. भावोजी कारखान्यातून निवृत्त झालेत. ताई बाळ-बाळंतिणीला तेल लावते. सासूकडून शिकली आणि सासूपेक्षा मोठी झाली. घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड या पट्ट्यात पाचवा महिना लागला की तिला सांगून ठेवावं लागतं, नाहीतर ती मिळत नाही. दोन्ही पाय पसरून बसते, बाळाला पायांवर पालथं घालते, आणि जे बाळ आईच्या हातात तासभर किंचाळतं ते तिच्या पायांवर दोन मिनिटांत गप्प होतं. मग ओव्याची धुरी, मग घट्ट गुंडाळणं. सकाळी साडेसातपासून दुपारी एकपर्यंत ती चार घरं करते.

ती नववी झाल्यावर शाळा सोडून घरी बसली. आमच्या वाडीतली शाळा सातवीपर्यंत, पुढची तालुक्याला. दोन वर्षं ती एकटी गेली, मग माझी आठवी आली आणि दोघांना पाठवणं जमेना. एकाला बसायचं होतं. कोणी बसावं याची घरात चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. चर्चा करावी असं कोणाला वाटलंच नसेल. मी रोज एसटीने हायस्कूलला जाऊ लागलो आणि ती आईबरोबर काजू सोलू लागली.

तर त्या भाऊबीजेला तिने माझा पासपोर्ट हातात घेतला, पदराला हात पुसून. पानं उलटली, माझा फोटो बघून हसली.

"मेल्या, चोरासारखा दिसतोस. मला पण काढून दे ना रे एक."

"तुला कशाला?" मी म्हणालो. "तू कुठे जाणार आहेस?"

ती म्हणाली, "तेही खरंच." आणि ओवाळणीचं ताट आणायला उठली.

मी त्या दिवशी स्वतः कुठेही जाणार नव्हतो. हे मला सुचलं ते दहा वर्षांनी.

घाटकोपरला एक कुटुंब आहे, काका आणि काकू. आज दोघं सत्तरीच्या घरात आहेत. काका मोठ्या ऑफिसातून निवृत्त झालेले. ताई त्यांच्या लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला तिथे जायची, आणि तिच्या ओळखीने मी. माझा पहिला नोकरीचा अर्ज काकांनी त्यांच्या टेबलावर बसवून माझ्याकडून तीनदा लिहून घेतला. मुलाखतीला जाताना त्यांनी स्वतःचा टाय दिला आणि तो बांधूनही दिला. माझ्या अर्जाखाली परिचित म्हणून त्यांची सही होती. त्या घराबद्दल मी वावगं बोलावं असं मला आजही वाटत नाही. पण जे झालं ते सांगणार आहे.

लेक नवऱ्याबरोबर दुबईला गेली. दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा तिने फोनवर आईला सांगितलं, "आई, तू ये, पण मावशींना घेऊन ये. तुला बाळाला न्हाऊ घालता येत नाही, खोटं नको बोलूस." मावशी म्हणजे आमची ताई. काकूंनी ताईला विचारलं. ताई हो म्हणाली आणि संध्याकाळी थेट माझ्या घरी आली. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "आता सांग, कुठे जाणार आहे ते! काढ माझा पासपोर्ट."

मी लागलो कामाला. मला कागद लावायला आवडतात. कागदांनीच मला वर आणलं, म्हणून त्यांच्यावर माझी श्रद्धा आहे. निळी फाइल घेतली, प्लास्टिकचे खिसे लावले, पहिल्या खिशात आधार, दुसऱ्यात विजेचं बिल, तिसऱ्यात शाळेचा दाखला. दाखल्यावर ताईची जन्मतारीख एक जून. माझीही एक जून आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची एक जूनच होती, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि मुलाचं वय त्यात बसलं की हेडमास्तरांचं काम भागायचं. आई सांगायची, ताई काजूच्या मोहरात झाली आणि मी भातकापणीत. सरकारदरबारी आम्ही दोघं दोन वर्षांच्या अंतराने एकाच दिवशी जन्मलो. त्याबद्दल मात्र कोणी कधी एक प्रश्न विचारला नाही. तारीख खरी आहे का, याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. सगळ्या कागदांवर एकच खोटी तारीख हवी, एवढंच.

मालाडच्या केंद्रावर वेळ मिळाली. रिक्षात मी तिची तयारी करून घेत होतो. "नाव विचारतील. पूर्ण सांग. पत्ता विचारतील. घाबरू नकोस."

"मी बायकांच्या कळा बघितल्यात. खिडकीला घाबरू काय?"

आत फक्त तिलाच सोडलं. मी बाहेर रस्त्यावर उभा. फाइल तिच्या हातात गेल्यावर माझे हात कसे मोकळे पडले ते मला चांगलं आठवतं. जवळच एजंट फिरत होते आणि ज्यांचे कागद पुरे होते त्यांनाही ते अपुरे असल्याचं पटवत होते. माझ्या शेजारी उभा असलेला एक बाप मुलाला सांगत होता, "जर्मनी म्हण, कॅनडा म्हणू नको." कोणत्या प्रश्नाला ते मला कळलं नाही. मुलालाही कळलं नसावं.

दीड तासाने ताई बाहेर आली. फाइल बगलेत, चेहरा जरा वेगळा.

"झालं?"

"झालं. फोटो काढला. बोटं घेतली. तेलामुळे ठसे पुसट झालेत म्हणाली ती मुलगी, दोनदा पुसायला लावले." मग थांबून म्हणाली, "शिक्षण विचारलं. नववी सांगितलं. तर ती म्हणाली, दहावी पास असता तर बरं होतं, आता शिक्का येईल."

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर एक नोंद येते, एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. म्हणजे हा माणूस काही देशांत कामाला चालला असेल, तर आधी सरकारने त्याची चौकशी करायची. परक्या मुलखात फसवतात अशा माणसांना, म्हणून काळजी. मी तिला हे रिक्षात समजावून सांगितलं, जमेल तेवढं गोड करून.

"तुझ्यावर नाही तो शिक्का?"

"नाही. पदवी आहे ना."

"म्हणजे शिकलेला कुठेही जाऊन काहीही करेल, त्याला कोणी विचारायचं नाही. आणि माझी चौकशी."

"तुझ्या भल्यासाठी आहे ती."

"हो का?" ती बाहेर बघत म्हणाली. "मला कोणी फसवतंय का ते आमच्या वाडीत विचारायला हवं होतं मग. तेव्हा कोणी आलं नाही."

ती हे कडवटपणे म्हणाली नाही. गोरेगावची दुकानं बघत म्हणाली. पण शाळेच्या ज्या एका वर्षामुळे तिच्या पुस्तकावर ती नोंद आली आणि माझ्या पुस्तकावर नाही, ते वर्ष कोणाला मिळालं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी रिक्षावाल्याला उगाच रस्ता सांगू लागलो.

पोलीस चौकशी झाली, आणि एका दुपारी पोस्टमनने पाकीट आणलं. ताईने सही केली, पासपोर्ट देवापुढे ठेवला, हळदकुंकू लावायला गेली तेव्हा भावोजी ओरडले, "अगं, वरती लावू नको, मशीन घेणार नाही!" मग कुंकू पाकिटाला लावलं. चाळीतल्या बायका बघून गेल्या. शेजारच्या म्हातारीने फोटोला हात लावून म्हटलं, "गो, साडी चांगली नेसलीस." दोन दिवस तो पासपोर्ट ताईच्या लोखंडी कपाटात, तिच्या लग्नाच्या शालूत होता.

तिसऱ्या दिवशी काकांनी व्हिसासाठी मागितला. व्हिसाला नुसती प्रत लागते. काकांनी फोनवर फोटो काढून पाठवला आणि पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवून दिला.

ताई म्हणाली, "काका, झालं ना? द्या मग."

काका म्हणाले, "इथेच राहू दे गं. आमचे दोघांचे आहेत त्यांच्याबरोबर राहील. तुमच्या चाळीत उंदीर, पाणी, कशाला जोखीम?"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आणि तिकडे गेल्यावर जावयांकडे द्यायचाय. तिकडे घरात कामाला असलेल्या बायकांचे पासपोर्ट घरातलेच ठेवतात. पद्धतच आहे तिकडची."

पद्धत! या शब्दाखाली आमच्याकडे काय काय सारलं जातं.

ताई पुन्हा माझ्याकडे आली. या वेळी दारात चप्पल काढून, सावकाश बसली. सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तू जाऊन आण."

आणि मी, पदवीधर, कागदांवर श्रद्धा असलेला, मी म्हणालो, "राहू दे ना ताई. तीन आठवड्यांनी जायचंच आहे. ते काय पळून चाललेत? काकांनी आपल्यासाठी किती केलंय."

"तुझ्यासाठी केलंय. मी त्यांच्याकडे राबलेय. हिशेब वेगळा आहे." मग तिने विचारलं, "तुझा पासपोर्ट कुठे आहे?"

"कपाटात."

"कोणाच्या?"

मी माझ्या कपाटाकडे बघितलं.

"माझं कपाट काय कपाट नाही? दहा वर्षांपूर्वी विचारलंस, कुठे जाणार. आता जाणार आहे तर म्हणतोस, दुसऱ्याकडे राहू दे. तिकडे त्या पोरीच्या नवऱ्याशी माझं वाजलं, एखाद दिवशी मला घरी यावंसं वाटलं, तर मी काय त्यांच्या कपाटाच्या चावीला विचारू? तसं असेल तर मी जात नाही. सांग त्यांना."

ती गेल्यावर मी माझा पासपोर्ट काढला. शनिवारची दुपार होती. पहिल्यांदाच तो शेवटपर्यंत वाचला. दहा वर्षं पहिला बाळगला, त्यानंतर हा दुसरा, आणि मी फोटोच्या आणि पत्त्याच्या पानापलीकडे कधी गेलो नव्हतो, कारण झेरॉक्स त्याच पानांची लागते. शेवटी बारीक अक्षरांत सूचना असतात. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की हे पुस्तक सरकारच्या मालकीचं आहे आणि ते ज्याचं नाव त्यावर आहे त्याच्या, किंवा त्याने स्वतः अधिकार दिलेल्या माणसाच्या ताब्यात असावं. बास. नववीतून घरी बसलेल्या बाईला हे न वाचता कळलं होतं. मला ते छापील असल्याशिवाय पटलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं घाटकोपरला गेलो. काकूंनी पोहे केले. काकांनी माझ्या बढतीची चौकशी केली. मी पोह्यांतले शेंगदाणे वेचत बसलो. ताई माझ्याकडे बघत होती. शेवटी मी सुरुवात केली, आणि इतकी वाईट सुरुवात मी मुलाखतीतही केली नव्हती.

"काका, म्हणजे आपला तसा काही आग्रह नाही, पण ते पासपोर्टमध्येच जरा असं लिहिलेलं असतं..."

काका हसले. "काय लिहिलेलं असतं?"

मी सूचना सांगितली. काकांचं हसू हळूहळू मावळलं. रागावले नाहीत. रागावण्यापेक्षा वाईट केलं, दुखावले.

"म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?"

"तसं नाही काका..."

"मी तुला पहिल्या नोकरीला टाय बांधला होता रे."

हे ऐकून मी खरोखर मान खाली घातली. त्या घराने मला काही दिलं होतं, आणि आज ते काढून दाखवलं. काकू म्हणाल्या, "आम्ही काय हिचा पासपोर्ट विकणार आहोत? तिच्याच भल्यासाठी म्हणतोय. हरवला तर तिकडे केवढी धावपळ! ही काय करणार एकटी? इंग्रजी येत नाही, काही नाही."

तेव्हा ताईने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"काकू, असं करू या. तुमचा पासपोर्ट मी माझ्याकडे ठेवते. माझा तुमच्याकडे राहू दे. विमानतळावर अदलाबदल करू, तिकडे पोचलो की परत तसंच."

काकू म्हणाल्या, "माझा कशाला तुझ्याकडे?"

"माझा कशाला तुमच्याकडे?"

"अगं, माझं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, की मी काहीतरी म्हणेन. वेगळं काय होतं ते खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं आणि ते मोठ्याने म्हणायची त्या सुसंस्कृत घरात कोणाची तयारी नव्हती. तेवढ्यापुरती तरी सुसंस्कृतपणाची मदत झाली.

ताईचा आवाज चढला नव्हता. ती बाळंतिणीला पालथी हो म्हणते त्याच आवाजात म्हणाली, "मी पोरीसाठी येणार आहे काकू. तिने बोलावलंय मला. पण माझं पुस्तक माझ्याजवळ राहील. नाहीतर दुसरी बाई बघा. अजून तीन आठवडे आहेत."

तीन आठवड्यांत दुसरी बाई मिळणार नाही हे काकूंना माहीत होतं. पासपोर्ट असलेली तर नाहीच. आणि लेक फोनवर मावशी, मावशी करत होती. काका उठले. आतल्या खोलीतून कपाटाच्या किल्ल्यांचा आवाज आला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन ते बाहेर आले. त्यात त्यांचे दोघांचे पासपोर्ट होते, घराची कागदपत्रं होती, आणि ताईचा पासपोर्ट. पाकिटावरचं कुंकू डब्याच्या तळाला लागलं होतं.

त्यांनी पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

माझ्यापुढे. ती शेजारी बसली होती, हाताच्या अंतरावर. आणि हे लिहिताना लाज वाटते, पण माझा हात पुढे झालाच होता. काकांनी काही दिलं की आपण घ्यायचं, ही सवय. ताईचा हात माझ्या हातावरून गेला आणि तिने पाकीट घेतलं.

"येते," ती म्हणाली. "उद्या साडेसातला वरच्या मजल्यावरच्या बाळाला तेल लावायला येणारच आहे, काही लागलं तर सांगा."

जिन्यात मी म्हणालो, "जरा जास्तच बोललीस."

"तू कमी बोललास. सरासरी बरोबर झाली."

निघेपर्यंत काकू तिच्याशी तुटक बोलल्या. विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो होतो. आतलं ताईने नंतर सांगितलं. त्या नोंदीमुळे अधिकाऱ्याने तिलाच बाजूला उभं केलं. काकू पुढे निघून गेल्या, त्यांना कोणी काही विचारलं नाही.

"कशाला चाललात?"

"बाळंतपणाला."

"कोणाच्या?"

"त्या पुढे उभ्या आहेत, त्यांच्या लेकीच्या. मी तेल-न्हाणी करते."

"परत कधी?"

"सव्वा महिना झाला की."

त्याने परतीचं तिकीट बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. कोणाला तरी विचारून आला. मग शिक्का मारला आणि म्हणाला, "तिकडे पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. कोणाच्या हातात देऊ नका."

हे त्याने पुढे गेलेल्या बाईंना सांगायला हवं होतं. पण त्यांच्या पासपोर्टवर तशी नोंद नव्हती.

ताईने परकराला आतून खिसा शिवला होता. चाळीस दिवस पासपोर्ट तिथे होता. जावयाने पहिल्याच दिवशी मागितला. ताई म्हणाली, "अंगावर आहे, आता काढता यायचा नाही," आणि तो बिचारा लाजून निघून गेला, परत कधी विचारलं नाही. बाळ छान आहे. दुबई कशी वाटली म्हटलं तर म्हणाली, "न्हाणीघर मोठं आहे. बाहेर दोनदा नेलं, एकदा समुद्रावर, एकदा उंच इमारत बघायला. मान दुखली."

परवा ती आली होती. माझ्यासाठी खजूर आणले होते. पासपोर्ट दाखवायलाही आणला होता. चार शिक्के होते, दोन इथले, दोन तिथले, एक जरा तिरका. मी ते बराच वेळ बघत राहिलो. आमच्या घराण्यात सीमा ओलांडल्याचे ते पहिले शिक्के, आणि ते पदवीधराच्या पासपोर्टवर उमटले नव्हते.

"तुझा आण बघू," ती म्हणाली. मी आणला. तिने पानं उलटली. एक, दोन, दहा. "सगळी कोरी रे!" तिला खरंच वाईट वाटलं होतं. "जा की कुठेतरी. बाप्यासारखा बाप्या तू."

मी दोन्ही पासपोर्ट उचलले आणि त्या निळ्या फाइलीकडे हात नेला. आधार, विजेचं बिल, दाखला, सगळं होतं तिथे अजून, तिच्या नावाचे खिसे होते. "तुझा इथेच ठेवतो," मी म्हणालो. "सगळे कागद एकत्र राहतील. तुमच्याकडे चाळीत..."

वाक्य पुरं व्हायच्या आधीच मला ऐकू आलं मी काय बोलतोय ते. तिलाही.

तिने हात पुढे केला. मी तिचा पासपोर्ट तिच्या हातावर ठेवला. तिने तो पिशवीत टाकला, चेन ओढली, आणि खजुरांची पिशवी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "हे ठेव फाइलीत."